वेगाचे कौतुक आणि ब्रेकची हयगय

मोटार जुनी झाली म्हणजे तिचा ब्रेक थोडा ढिला असावयाचाच, अशी एक सोयीस्कर समजूत आमच्या मराठवाड्यात इतकी रूढ झालेली आहे की, नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईभोवती एखादी तीस-चाळीस वर्षांची डौलदार गाडी उभी राहिली असता भोवती जमणारे लोक तिच्या इंजिनाची ताकद, रंगाची झिलई, सायलेन्सरचा आवाज आणि सध्याचा बाजारभाव यांची कौतुकाने विचारपूस करतात. परंतु ताशी ८० किलोमीटरांवरून ही गाडी किती अंतरात थांबते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही, आणि विचारलाच तर मालकापाशी त्याचे उत्तर नसते. “दोनदा पेडल मारले की लागतो ब्रेक”, “जुनी गाडी आहे, जरा अंतर ठेवून चालवायची”, “सवय झाली की काही वाटत नाही” अशा वाक्यांवर हा प्रश्न निकालात काढला जातो. या वाक्यांना आमची हरकत आहे. अशक्त ब्रेक हे गाडीच्या वार्धक्याचे लक्षण नसून दुरुस्त न केलेल्या दोषाचे लक्षण आहे. त्या दोषाला नेमके कारण असते, ते कारण क्रमाने शोधता येते, आणि ते शोधण्याआधीच सुटे भाग विकत आणून बसविणे हा पैशाचा अपव्यय तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे दोष दूर झाल्याचा खोटा दिलासाही आहे.

वेगाची हौस भागविणारी जुनी गाडी म्हटल्यावर आपल्याकडे परदेशी स्पोर्ट्स कार क्वचितच अभिप्रेत असते. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट ११०० आणि पुढे पद्मिनी, मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची दोन दारांची हेराल्ड, १९८४ साली आलेली हिंदुस्थान मोटर्सची काँटेसा, या गाड्यांनाच येथील हौशी मंडळींनी रुंद टायर, दुहेरी कार्ब्युरेटर आणि मोकळे सायलेन्सर चढवून स्पोर्ट्स कारचा मान दिला. महाराष्ट्रात खरीखुरी दोन आसनी गाडी घडविण्याचा यत्नही झाला. अलिबागजवळ तयार झालेली चिंकारा रोडस्टर ब्रिटिश लोटस सेव्हनच्या धर्तीवर होती आणि काँटेसात बसणारे इसुझूचे १.८ लिटरचे इंजिनच तिच्यात बसविलेले होते. हेराल्डची हकीकत तर विशेष बोधप्रद आहे. इंग्लंडमध्ये हेराल्डच्याच सांगाड्यावर आधारलेली ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार १९६२ साली बाजारात आली, तेव्हा कंपनीने तिच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक दिले. गाडीचा वेग वाढविला तर तिची थांबण्याची शक्तीही त्याच हिशेबाने वाढविली पाहिजे, हे तेथील अभियंत्यांनी गृहीत धरले होते. आमच्याकडील हौसेने मात्र या जमाखर्चातील वेगाची बाजू तेवढी उचलली आणि दुसरी बाजू कोरी ठेवली.

ही कोरी बाजू पूर्वी फारशी बोचत नसे, याचे कारण रस्तेच वाईट होते. आता तुळजापूर, औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग चौपदरी झालेला आहे आणि ज्या गाडीने सारी हयात ५०-६० च्या गतीने काढली, तिला तो सहजच ९०-१०० कडे ओढून नेतो. त्याच रस्त्यावर ऊसतोडीच्या हंगामात मांजरा खोऱ्यातल्या कारखान्यांकडे निघालेले, मागे दिवे नसलेले दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रीच्या अंधारातून एकाएकी समोर उभे राहतात, आणि माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेच्या दिवसांत माणसे व जनावरे रस्त्याच्या कडेने लोटतात. शिवाय मराठवाडा सपाट आहे म्हणून ब्रेकला ताण नाही, हे म्हणणेही खरे नव्हे. माहूरगडावरून रेणुकामातेचे दर्शन घेऊन खाली उतरणारा, किंवा तुळजापूरहून सोलापूरच्या दिशेने बालाघाटाचा घाट उतरणारा भाविक ब्रेकची जी परीक्षा घेतो, ती गावात वर्षभर फिरूनही होत नाही.

ताशी ८० किलोमीटरांवर धावणारी हजार किलो वजनाची गाडी थांबविताना सुमारे २५० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकला उष्णतेच्या रूपाने पचवावी लागते. म्हणजे तीस अंशांवरचे जवळजवळ एक लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता तीन-चार सेकंदांत चार चाकांमधील लोखंडात उतरते. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते, आणि ५० च्या ठिकाणी १०० ने जाणारा मनुष्य आपण दुप्पट धोका पत्करला असे समजत असतो तेव्हा वस्तुतः त्याने चौपट पत्करलेला असतो. चांगला ब्रेक गाडीच्या वजनाच्या सुमारे ७० टक्के इतका रोध उत्पन्न करतो. त्या हिशेबाने ८० च्या वेगावरून ती साधारण ३६ मीटरांत थांबते. हाच रोध निम्म्यावर आला की अंतर ७२ मीटर होते. धोका दिसल्यापासून पाय पेडलवर पडेपर्यंत जो एखादा सेकंद जातो, त्यात गाडीने आणखी २२ मीटर कापलेले असतात, ते वेगळेच. “जरा अंतर ठेवून चालवायची” असे म्हणणाऱ्याने हे जादा ३६ मीटर रस्त्यावर कधी पावलांनी मोजून पाहावेत. समोरच्या ट्रॉलीमागे तेवढी मोकळी जागा भर वाहतुकीत आपणास कोणी राखू देत नाही, हे त्याच्या लगेच ध्यानात येईल.

वेगाच्या शर्यतीतही शेवटी थांबण्याच्या सामर्थ्याने जय मिळतो, याचा दाखला फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांच्या शर्यतीने १९५३ सालीच दिला होता. डिस्क ब्रेकची कल्पना नवी नव्हती. इंग्लंडच्या लँचेस्टर यांनी १९०२ सालीच तिचे पेटंट घेतले होते. परंतु टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांची जॅग्वार सी-टाईप डनलॉपचे डिस्क ब्रेक लावून उतरली, प्रतिस्पर्ध्यांचे ड्रम तापून निकामी होत असताना ती प्रत्येक वळणाच्या तोंडाशी त्यांच्यापेक्षा उशिरा ब्रेक मारू शकली, आणि ताशी शंभर मैलांहून अधिक सरासरीने ती शर्यत जिंकणारी पहिली गाडी ठरली. उशिरा आणि खात्रीने थांबता येते म्हणूनच अधिक काळ वेगात राहता येते, हे तत्त्व तेव्हापासून शर्यतीच्या गाड्या घडविणाऱ्यांनी शिरोधार्य मानले आहे. छंदिष्टांनी ते मानले नाही, तर त्यांच्या गाडीस स्पोर्ट्स कार म्हणणे हा निव्वळ उपचार ठरतो.

आता दोष शोधावयाचा कसा, याकडे वळू. गॅरेजमध्ये गाडी नेऊन “ब्रेक कमी आहे, बघा” एवढेच सांगणे म्हणजे तपशिलाविना फिर्याद गुदरण्यासारखे आहे. कारण ब्रेक कमी असण्याचे किमान पाच-सहा निरनिराळे प्रकार आहेत, आणि प्रत्येकाची खूण पायाखाली वेगवेगळी उमटते. पेडल किती खाली जाते, मऊ लागते की कठीण, दाबून धरल्यावर तेथेच राहते की खचत जाते, थंड असताना एक आणि तापल्यावर दुसरे असे काही होते का, गाडी सरळ थांबते की एका अंगाला ओढते, या प्रश्नांची उत्तरे गाडी चालविणाऱ्यापाशीच असतात आणि ती घेतल्यावाचून चाक खोलू नये.

पेडल दाबले असता ते स्पंजासारखे मऊ लागून खोल जात असेल आणि भराभर दोन-तीनदा मारल्यावर वर येत असेल, तर बहुधा नळ्यांत हवा शिरलेली असते. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचण्याऐवजी ती हवा आकसण्यात खर्ची पडतो. येथे एअर काढणे हा उपाय खरा, परंतु हवा आली कोठून याचा छडा लावल्याखेरीज तो अपुरा आहे. कॅलिपर बदलताना डावा उजवीकडे बसला तर ब्लीडर निपल खालच्या अंगाला येतो आणि कितीही वेळ तेल काढले तरी वरच्या कप्प्यातील हवा निघत नाही, हा प्रकार अनुभवी मिस्त्रीच ओळखतो. या उलट पहिल्या दाबाला पेडल खोल, दुसऱ्या दाबाला उंच, पण मऊपणा मुळीच नाही, अशी खूण असेल तर हवेला दोष देऊ नये. तेथे ब्रेक शू आणि ड्रम यांमधील अंतर वाढलेले असते. हँडब्रेक दोन दाते ओढून पेडल पुन्हा दाबावे. ते वर आले, तर मागच्या शूंचे सेटिंग करावयास हवे हे एका मिनिटात सिद्ध होते आणि एक पैसाही लागत नाही. डिस्कच्या गाडीत चाकाची बेअरिंग ढिली असेल किंवा डिस्क वाकडी फिरत असेल तर पॅड मागे ढकलले जाऊन नेमकी हीच तक्रार उद्भवते.

पेडलवर पाय स्थिर ठेवला असता ते इंच इंच खचत तळाशी जाते, ही खूण सर्वांत गंभीर होय. आधी गळती पाहावी: चाकांच्या आतल्या बाजूस ओल आहे का, मास्टर सिलिंडरखाली थेंब आहेत का, आणि पायाचा जोर वाढविणारा बूस्टर असलेल्या गाडीत तेलाची पातळी घटते पण बाहेर ओल कोठेच नाही, असे असेल तर मास्टर सिलिंडरच्या मागच्या सीलमधून तेल बूस्टरमध्ये उतरते आहे का. बाहेर गळती नसेल तर मास्टर सिलिंडरमधील रबरी कप झिजून दाब आतल्या आत परत जात असतो. याच संदर्भात आमच्या गॅरेजांतून नेहमी घडणारी एक चूक सांगणे अवश्य आहे. जुन्या गाडीची एअर काढताना पोऱ्यास आत बसवून पेडल तळापर्यंत जोरजोराने मारावयास सांगतात. परंतु वर्षानुवर्षे पेडल जेथपर्यंत कधी गेलेच नव्हते, त्या सिलिंडरच्या भागात गंज धरलेला असतो, आणि त्या खरखरीत पृष्ठावरून कप घासला की तो फाटतो. मऊ पेडलची तक्रार घेऊन आलेली गाडी खचणारे पेडल घेऊन बाहेर पडते. पेडलखाली एक लाकडी ठोकळा ठेवून त्याचा प्रवास मर्यादित केला तर हा अनर्थ टळतो. आणि १९६० च्या दशकापूर्वीच्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांना तेलाचा एकच मार्ग असतो, एका चाकाचा सिलिंडर फुटला तरी सारा ब्रेक जातो, हे लक्षात घेतले म्हणजे अशा गाडीतील थेंबभर गळतीही उद्यावर टाकता येत नाही.

तिसरा प्रकार याच्या विरुद्ध: पेडल उंच आणि दगडासारखे कठीण, पण गाडी थांबत नाही. बूस्टर असेल तर इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबावे, मग पाय तसाच रोवून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली सरकले तर बूस्टर शाबूत आहे, न सरकले तर व्हॅक्यूमची नळी, तिचा व्हॉल्व्ह किंवा खुद्द बूस्टर नादुरुस्त आहे. बूस्टर नसलेल्या गाडीत, किंवा तो चांगला असतानाही, हे लक्षण दिसले तर लायनरकडे वळावे. फार तापून काचेसारखे गुळगुळीत झालेले, अॅक्सलचे तेल किंवा ग्रीस पिऊन बसलेले, अथवा स्वस्तात घेतलेले भलत्याच जातीचे लायनर कितीही जोराने दाबले तरी धरीत नाहीत. ड्रम लेथवर टर्निंग केल्यावर त्याचा व्यास वाढतो आणि नवा शू त्यास फक्त मध्यावर टेकतो. मालकास वाटते की नवे लायनर टाकले, प्रत्यक्षात त्यांचा अर्धाही भाग कामाला लागलेला नसतो. ठरावीक मर्यादेपलीकडे टर्निंग केलेला पातळ ड्रम तर तापल्यावर शूपासून दूर फुगतो, आणि सकाळी ठीक असलेला ब्रेक दुपारी खोल जातो.

गाडी एका अंगाला ओढत असेल तर ज्या बाजूस ती ओढते त्या बाजूचा ब्रेक चांगला आणि विरुद्ध बाजूचा अशक्त, एवढे तरी अनुमान करता येते: तेथे व्हील सिलिंडर किंवा कॅलिपरचा पिस्टन अडकलेला असेल, लायनरला तेल लागलेले असेल, अथवा रबरी होज आतून फुगून बंद झालेला असेल. हा होज बाहेरून धडधाकट दिसतो. पण त्याचे आतले अस्तर सुटले की तेल जाताना जाते आणि परत येताना अडते, मग ते एकच चाक ब्रेक सोडल्यावरही धरलेले राहते. थोडे अंतर जाऊन आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन, स्पर्श न करता, कोणते अधिक तापले आहे हे पाहिले तरी दोषी चाक ओळखू येते.

घाटात उतरताना प्रथम चांगला असलेला ब्रेक हळूहळू नाहीसा होतो, तेव्हाही दोन कारणांची शहानिशा केली पाहिजे. पेडल कठीणच राहून पकड गेली तर लायनर अतितप्त झाले. पेडल एकाएकी मऊ होऊन तळाला गेले तर ब्रेक ऑइल उकळून त्याची वाफ झाली. बाजारात ज्याला ब्रेक ऑइल म्हणतात ते द्रव ग्लायकॉलपासून बनलेले असून ते हवेतील आर्द्रता शोषून घेते. डॉट ३ जातीचे नवे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळते, पण सुमारे पावणेचार टक्के पाणी शोषल्यावर तीच मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. वर्षातून चार वेळा बाहेर निघणारी हौशी गाडी पावसाळाभर ताडपत्रीखाली उभी राहते, तिच्या ब्रेकच्या टाकीतील तेल दहा वर्षांत कोणी बदललेले नसते, आणि मे महिन्याच्या रखरखीत उन्हात, हवेचे तापमान चाळिशीच्या पुढे असताना, ती माहूरच्या उतारावर काढली जाते. दोन वर्षांनी तेल बदलणे हा काही शे रुपयांचा खर्च आहे. खालच्या गिअरमध्ये उतरणे हा तर बिनखर्चाचा उपाय. पण इंधन वाचविण्याच्या लोभाने इंजिन बंद करून घाट उतरणारे महाभाग आजही आढळतात, आणि इंजिन बंद म्हणजे बूस्टरही बंद, हे त्यांच्या गावी नसते.

तेलाच्या बाबतीत आणखी एक इशारा. टाकीतील पातळी कमी दिसली म्हणून हाताशी असलेले इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचे तेल ओतणारे लोक आहेत. खनिज तेलाने ब्रेकमधील सारे रबर फुगते, कप आपल्या जागी अडकतात, आणि मग मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांच्या सीलपर्यंत प्रत्येक रबरी भाग बदलल्यावाचून गत्यंतर राहत नाही. सिलिकोनचे डॉट ५ हे नावाने जवळचे असले तरी डॉट ३ व डॉट ४ यांत मिसळण्याजोगे नाही, हेही विक्रेत्यांनी गिऱ्हाइकास सांगितले पाहिजे.

दोष न शोधता सुधारणा करण्याचा जो प्रघात पडला आहे, त्याविषयी आम्हास विशेष लिहावेसे वाटते. ब्रेक कमी पडतो म्हणून मोठ्या व्यासाचा मास्टर सिलिंडर बसविण्याची टूम निघते. मोठा म्हणजे बलवान, असा हा भाबडा न्याय आहे. परंतु दाब म्हणजे क्षेत्रफळाने भागलेले बल, आणि व्यास वाढला की त्याच पायाने कमी दाब उत्पन्न होतो. पेडल उंच आणि टणक होते, मालक खूश होतो, आणि गाडी पूर्वीपेक्षा उशिरा थांबते. टायरचेही तसेच. दिमाखासाठी दहा टक्के मोठ्या त्रिज्येची चाके चढविली, की तेवढ्याच पायाच्या जोराने रस्त्यावर मिळणारा रोध सुमारे तितक्याच प्रमाणात घटतो. पुढे मोठी डिस्क बसवून मागचे ड्रम तसेच ठेवणे, किंवा मागे अधिक ब्रेक देऊन ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी जाम करून गाडी गरकन फिरविणे, हेही त्याच अविचाराचे परिणाम. कारखान्यातून निघालेल्या गाडीचा ब्रेक हा पेडलच्या दांड्यापासून चाकाच्या व्यासापर्यंत मांडलेला एक समग्र हिशेब असतो; त्यातील एक आकडा बदलावयाचा तर बाकीचे पुन्हा मांडावे लागतात. म्हणून प्रथम मूळ ब्रेक पूर्ण शक्तीवर आणावा, तो मोजावा, आणि मग खरोखरीच कमी पडला तर सुधारणेचा विचार करावा, हा क्रम आम्हास अनुल्लंघनीय वाटतो.

हे ज्ञान आमच्या जिल्ह्यांत नाही असे मुळीच नव्हे. नांदेडच्या देगलूर नाक्याकडील आणि लातूरच्या औसा रोडवरील कित्येक वयस्क मिस्त्री नुसत्या पायाच्या अंदाजाने कोणत्या चाकाचा कप गेला हे सांगतात. परंतु ते ज्ञान त्यांच्या हातात आहे, कागदावर नाही; त्यांची मुले त्या धंद्यात राहिलेली नाहीत, आणि नव्या गॅरेजात संगणक लावून दोष वाचणाऱ्या तरुणास, ज्या गाडीत संगणकच नाही तिच्यापुढे, नवा भाग सुचविण्यापलीकडे काही सुचत नाही. या मिस्त्रींच्या प्रकृतीचाही एक प्रश्न आहे. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे. ड्रम काढला की त्यातील करडी भुकटी हवेच्या नळीने फुंकून उडविणे ही सर्रास पद्धत आहे, आणि त्या भुकटीतील तंतू फुप्फुसात जाऊन कित्येक वर्षांनी कर्करोग उत्पन्न करतात, हे वैद्यकशास्त्राने निर्विवाद सिद्ध केलेले आहे. ड्रम ओल्या फडक्याने पुसावा, फुंकू नये. जो मालक गाडीच्या रंगावर लाख रुपये खर्च करतो, त्याने समोर वाकून काम करणाऱ्या पोऱ्यासाठी एवढा आग्रह तरी धरावा.

शासनाच्या जबाबदारीकडे आता पाहू. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करून घ्यावे लागते. त्या वेळी गाडी तपासणीसाठी हजर करावी, असा मोटार वाहन कायद्याचा संकेत आहे. ब्रेक सदैव कार्यक्षम असावेत, ही १९८९ च्या केंद्रीय नियमांचीही अट आहे. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क मोटारीस ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि वीस वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ते नंतर आणखी वाढले. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू लागली, तिचे प्रथम शुल्क २०,००० रुपये आहे. शुल्कवाढीविषयी आमचे म्हणणे नाही. जुने जपणाऱ्याने त्याची किंमत द्यावी हे रास्तच आहे. परंतु शुल्क आठपट वाढले असता तपासणी किती पटीने वाढली, हे विचारण्याचा हक्क नागरिकास प्राप्त होतो. चासिस क्रमांक पडताळला, दिवे-हॉर्न पाहिले, आवारात गाडी एकदा पुढे-मागे करविली आणि दाखल्यावर सही झाली, तर ब्रेक तपासला असे म्हणता येणार नाही. ब्रिटनमध्ये २०१० पूर्वीच्या बहुतेक मोटारींचा ब्रेक वजनाच्या किमान ५० टक्के रोध देतो की नाही, हे वार्षिक तपासणीत यंत्रावर मोजतात. त्या किमान मर्यादेवरची गाडी ८० च्या वेगावरून सुमारे ५० मीटरांत थांबते. हे मोजमाप रोलरच्या यंत्रावर काही मिनिटांत होते आणि प्रत्येक चाकाचा आकडा वेगळा छापून मिळतो.

आमची मागणी म्हणून अगदी मर्यादित आहे. नांदेड आणि लातूर या दोन्ही परिवहन कार्यालयांच्या हद्दीत पंधरा वर्षांहून जुन्या प्रत्येक खाजगी मोटारीचा ब्रेक नूतनीकरणाच्या वेळी यंत्रावर मोजला जावा आणि तो आकडा मालकास लेखी मिळावा. विष्णुपुरीची श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था, लातूरचे पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आणि दोन्ही ठिकाणच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांनी जुन्या मिस्त्रींस सन्मानाने पाचारण करून त्यांची निदानपद्धती विद्यार्थ्यांकडून मराठीत लिहून घ्यावी. त्यास फार मोठ्या तरतुदीची गरज नाही, इच्छेची आहे. आणि छंदिष्ट मालकांनी खंडेनवमीस गाडीला झेंडूची माळ घालण्यापूर्वी चार गोष्टी कराव्यात: ब्रेकचे तेल बदलून त्याची तारीख टाकीवर लिहावी, चारही चाके उघडून लायनर, कप व होज पाहावेत, पेडल मिनिटभर दाबून धरून ते खचते का हे तपासावे, आणि मोकळ्या, सुरक्षित जागी गाडी किती मीटरांत थांबते ते टेपने मोजावे. हा आकडा ज्यास सांगता येत नाही, त्याने आपली गाडी महामार्गावर काढू नये.